‘काल पाठवली आहे’ इंग्रजीत का चालत नाही?

या वेळी निवडलेली पत्रं ठाणे आणि नवी मुंबईतली आहेत आणि सगळ्यांचा विषय एकच आहे: इंग्रजीतला सिंपल प्रेझेंट आणि सिंपल पास्ट. शाळेत सगळ्यात आधी शिकवले जाणारे आणि नोकरी लागली तरी पाठ न सोडणारे हे दोन काळ. इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत दिली आहेत. ती मोठ्याने वाचा, म्हणजे कानालाही सवय होईल.

प्रश्न : मी ऐरोलीतल्या एका कंपनीत बॅक ऑफिसला आहे. ‘आय हॅव सेंट द फाइल येस्टरडे’ असं मी मेलमध्ये लिहिते आणि आमचे टीम लीडर दर वेळी ‘हॅव’ खोडतात. मराठीत ‘मी काल फाइल पाठवली आहे’ हे बरोबर आहे ना? मग इंग्रजीत काय बिघडलं? ‘आय हॅड सेंट’ लिहिलं तर चालेल का?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : तुमचं मराठी वाक्य अगदी बरोबर आहे आणि घोळ तिथूनच सुरू होतो. मराठीत ‘पाठवली’, ‘पाठवली आहे’ आणि ‘पाठवली होती’ या तिन्हींबरोबर ‘काल’ बसतो. ‘काल पाठवली’ ही नुसती माहिती झाली. ‘काल पाठवली आहे’ म्हणजे माझ्याकडचं काम झालं, आता तुम्ही बघा. ‘काल पाठवली होती’ म्हटलं की पाठवूनही पुढे काही हललं नाही, असा सूर येतो. छटा वेगवेगळ्या, पण तिन्ही वाक्यं चालतात. इंग्रजीत मात्र ‘येस्टरडे’चं फक्त पहिल्याशी जमतं. ‘हॅव सेंट’ हे रूप आत्ता बोलण्याच्या क्षणापर्यंत चालू असलेल्या काळाचं आहे आणि ‘येस्टरडे’ तर काल रात्री बाराला संपला. एकाच वाक्यात दोघांना बसवता येत नाही. म्हणून ‘आय सेंट द फाइल येस्टरडे.’

मग ती छटा आणायची कशी? वेगळ्या वाक्याने. ‘आय सेंट द फाइल येस्टरडे. प्लीज चेक अँड कन्फर्म.’ किंवा ‘आय सेंट द फाइल येस्टरडे, बट आय हॅव नॉट रिसीव्ह्ड अ रिप्लाय.’ दुसऱ्या वाक्यात ‘हॅव’ आला, कारण उत्तराची वाट अजून चालूच आहे.

मेल पाठवण्याआधी एक करा. मराठीतल्या क्रियापदाचा शेवट बघूच नका, वाक्यात ‘कधी?’ याचं उत्तर देणारा शब्द आहे का ते शोधा. ‘येस्टरडे’, ‘लास्ट वीक’, ‘ऑन मंडे’, ‘इन २०१९’, ‘टू डेज अगो’, ‘ॲट १०.३०’ असा संपलेला काळ सापडला की ‘हॅव’ काढायचा आणि साधा भूतकाळ ठेवायचा. ‘सो फार’, ‘यट’, ‘सिन्स मंडे’ असे आजपर्यंत पोहोचणारे शब्द असतील तर ‘हॅव’ राहू द्यायचा. काळाचा शब्दच नसेल आणि काम झालंय एवढंच कळवायचं असेल, तर ‘आय हॅव सेंट द फाइल’ अगदी योग्य. ‘धिस मॉर्निंग’ मात्र घड्याळावर अवलंबून आहे. सकाळी अकराला ‘आय हॅव सेंट इट धिस मॉर्निंग’ चालतं. दुपारी चारला सकाळ संपलेली असते, तेव्हा ‘आय सेंट इट धिस मॉर्निंग’च हवं.

आपल्याच भागातलं उदाहरण घ्या. ठाणे खाडीला २०२२मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. ‘ठाणे क्रीक हॅज बिकम अ रामसर साइट’ हे बरोबर, कारण साल सांगितलेलं नाही आणि दर्जा आजही आहे. साल घातलं की ‘ठाणे क्रीक बिकेम अ रामसर साइट इन २०२२’. तसंच पहिल्या प्रवासी गाडीचं: ‘द ट्रेन रॅन फ्रॉम बोरीबंदर टू ठाणे ऑन १६ एप्रिल १८५३.’ इथे ‘हॅज रन’ कधीच येणार नाही.

आता ‘हॅड सेंट’. त्यासाठी भूतकाळातल्या दोन घटना लागतात आणि ‘हॅड’ त्यांतल्या आधीच्या घटनेला लागतो. ‘व्हेन द क्लायंट कॉल्ड, आय हॅड ऑलरेडी सेंट द फाइल.’ फोन आला कालच, पण फाइल त्याच्याही आधी गेलेली. एकटंदुकटं ‘आय हॅड सेंट द फाइल येस्टरडे’ वाचणारा ‘कशाच्या आधी?’ म्हणून पुढच्या वाक्याची वाट बघत बसतो. ‘काल मी वाशीला गेलो होतो’ याचं इंग्रजीही ‘आय वेन्ट टू वाशी येस्टरडे’ एवढंच. हा ‘होतो’ इंग्रजीत उतरवायचा नाही.

जाता जाता दोन गोष्टी. ‘दोन दिवसांपूर्वी’ म्हणजे आजपासून मागे मोजलं, तर ‘टू डेज अगो’. ‘टू डेज बिफोर’ नाही. आणि तुमचा क्लायंट अमेरिकन असेल तर तो स्वतः ‘आय ऑलरेडी सेंट इट’ लिहील. तिकडे ते रूढ आहे, चूक समजू नका.

प्रश्न : माझी मुलगी सेमी-इंग्रजीत सहावीला आहे. ‘आय डिड नॉट वेन्ट’ ही एकच चूक ती पुन्हा पुन्हा करते. शंभरदा लिहून घेतलं, तरी फरक नाही. तिला समजावू कसं?
— एक पालक, कोपरी, ठाणे पूर्व

उत्तर : शंभरदा लिहिणं थांबवा. तिला आधी मराठी विचारा. ‘तो जातो’ याचं नकारार्थी काय? ती सांगेल, ‘तो जात नाही’. ‘ते जातात’चं? ‘ते जात नाहीत’. ‘ते जातात नाही’ असं ती कधीच म्हणणार नाही. म्हणजे क्रियापदाचा शेवट सुटला आणि पुरुष-वचनाचं काम ‘नाही’कडे गेलं. इंग्रजी वर्तमानकाळात नेमकं हेच होतं: ‘ही गोज’चं ‘ही डझ नॉट गो’. ‘गोज’चा शेवट ‘डू’ला लागून ‘डझ’ झाला आणि ‘गो’ मोकळा झाला. हे मुलांना मराठीतून पटकन पटतं.

भूतकाळात मात्र मराठी वेगळी वागते. ‘तो गेला’, ‘तो गेला नाही’: ‘गेला’ जागचा हलत नाही. मुलगी तोच ‘गेला’ घेऊन इंग्रजीत जाते आणि ‘डिड नॉट’पुढे ‘वेन्ट’ ठेवते. तिचं डोकं मराठीच्या नियमाने बरोबर चाललंय, हे तिला आवर्जून सांगा.

मग पोस्टकार्डाएवढा कागद घ्या आणि शुभेच्छापत्रासारखी मधोमध घडी घाला. बाहेर मोठ्या अक्षरात ‘वेन्ट’ लिहा. आत डाव्या बाजूला ‘डिड’, उजव्या बाजूला ‘गो’. ‘नॉट’ची एक छोटी चिठ्ठी करा, ‘आय’, ‘ही’, ‘शी’, ‘दे’ यांच्या वेगळ्या. साधं होकारार्थी वाक्य असेल तर घडी बंद: ‘आय वेन्ट’. नकार हवा असेल तर घडी उघडायची आणि ‘नॉट’ची चिठ्ठी बरोबर घडीच्या रेषेवर ठेवायची: ‘डिड – नॉट – गो’. प्रश्न हवा असेल तर त्याच रेषेवर ‘ही’: ‘डिड – ही – गो?’ घडी उघडी असताना ‘वेन्ट’ डोळ्यांना दिसतच नाही, सगळी गंमत त्यात आहे. ‘केम’, ‘सॉ’, ‘टुक’, ‘गेव्ह’, ‘बॉट’, ‘रोट’, ‘मेड’, ‘सेड’, ‘रॅन’ अशी एकूण दहा कार्डं करा. रोज पाच वाक्यं पुरे, पण प्रत्येक वाक्य तिन्ही प्रकारे बोलून घ्या.

दोन ठिकाणी कार्ड उघडायचं नाही. ‘वॉज’ आणि ‘वेअर’ना घडीच नसते: ‘आय वॉज नॉट ॲट होम’, ‘वेअर यू ॲट होम?’ आणि ‘कोण गेलं?’ असा कर्त्याबद्दलचाच प्रश्न असेल, तर ‘हू वेन्ट?’ एवढंच. ‘हू डिड गो?’ नाही.

प्रश्न : मी नववीत आहे. निबंधात ‘माय ग्रँडफादर टेक अ वॉक’ लिहिलं आणि अर्धा गुण गेला. आजोबा ‘फिरायला जातात’ असं आपण म्हणतो, मग अनेकवचन का नाही?
— एक विद्यार्थी, कळवा

उत्तर : तुझा विचार मराठीत शंभर टक्के बरोबर आहे. ‘आजोबा जातात’, ‘सर शिकवतात’ हे आदरार्थी बहुवचन आहे. इंग्रजीत आदर क्रियापदात दिसत नाही. आजोबा एकच आहेत, म्हणून ‘माय ग्रँडफादर टेक्स अ वॉक अराउंड मासुंदा लेक’. आई, बाबा, सर, बाई, मुख्याध्यापक, सगळ्यांना हाच नियम. शंका आली तर कर्त्याच्या जागी ‘ही’, ‘शी’ किंवा ‘इट’ ठेवून बघ. बसला, तर क्रियापदाला ‘एस’ लागणार.

आणखी एक खूण लक्षात ठेव. ‘द बर्ड सिंग्ज’, पण ‘द बर्ड्स सिंग’. साध्या वाक्यात बहुतेक वेळा ‘एस’ एकदाच येतो, पक्ष्याला तरी नाहीतर गाण्याला तरी. ‘फ्लेमिंगोज कम टू ठाणे क्रीक’ यात तो फ्लेमिंगोला लागला, म्हणून ‘कम’ तसाच राहिला. ही खूण फसते ती ‘एव्हरीवन नोज’ आणि ‘द पोलीस कम’ यांत. ‘एव्हरीवन’ एकवचनी, ‘पोलीस’ अनेकवचनी. हे दोन पाठच कर.

स्पेलिंग: शेवटी ‘वाय’ असेल आणि त्याआधी व्यंजन असेल, तर ‘वाय’ जाऊन ‘आय-ई-एस’ येतं, जसं ‘स्टडी’चं ‘स्टडीज’. आधी स्वर असेल तर नुसता ‘एस’, जसं ‘प्ले’चं ‘प्लेज’. ‘एसएच’, ‘सीएच’, ‘एक्स’ आणि दोन ‘एस’ यांच्यानंतर, तसंच ‘गो’ आणि ‘डू’ यांना, ‘ई-एस’.

प्रश्न : मुलाखतीत ‘आय ॲम लिव्ह इन घणसोली’, ‘आय ॲम हॅविंग टू इयर्स एक्स्पिरियन्स’ असं तोंडातून निघून जातं. हा ‘ॲम’ कसा काढायचा?
— नोकरी शोधणारा एक वाचक, घणसोली

उत्तर : हा ‘ॲम’ आपल्या ‘आहे’तून येतो. ‘मला माहीत आहे’, ‘मी सहमत आहे’, ‘मला दोन वर्षांचा अनुभव आहे’: मराठीत तिन्ही ठिकाणी ‘आहे’, म्हणून इंग्रजीत तीनदा ‘ॲम’. इंग्रजीत ‘नो’, ‘ॲग्री’, ‘हॅव’ ही स्वतंत्र क्रियापदं आहेत, त्यांना आधार लागत नाही. ‘आय नो’, ‘आय ॲग्री’, ‘आय हॅव टू इयर्स ऑफ एक्स्पिरियन्स’. ‘अंडरस्टँड’, ‘वॉन्ट’, ‘नीड’, ‘बिलीव्ह’, ‘बिलाँग’ यांनाही या अर्थाने ‘ॲम’ आणि ‘आयएनजी’ लावू नका.

‘आय यूज टू ट्रॅव्हल बाय ट्रेन’ हेही फार ऐकू येतं. ‘यूज्ड टू’ म्हणजे पूर्वी करायचो, आता करत नाही. आजही करत असाल तर ‘आय ट्रॅव्हल बाय ट्रेन’, ‘आय यूजुअली ट्रॅव्हल बाय ट्रेन’. सवय सांगायला साधा वर्तमानकाळ पुरतो.

अनुभव सांगताना काळ चुकला तर माहितीच चुकते, इथे जपा. ‘आय वर्क्ड देअर फॉर टू इयर्स’ म्हणजे ती नोकरी सुटली. ‘आय हॅव वर्क्ड देअर फॉर टू इयर्स’ म्हणजे अजून तिथेच आहात. पदवीला साल जोडत असाल तर ‘आय कम्प्लीटेड बीकॉम इन २०२२’. ‘पास्ड आउट’ इथल्या माणसाला कळतं; परदेशी मुलाखतकाराला मात्र तुम्ही बेशुद्ध पडलात असं वाटू शकतं. ‘आय ग्रॅज्युएटेड इन २०२२’ म्हणा.

प्रश्न : मी टॅक्सी चालवतो. प्रवासी इंग्रजीत बोलणारा असेल तर फोनवर ‘आय रीच्ड इन फाइव्ह मिनिट्स’ सांगतो. लोक लगेच खाली येतात, गाडी दिसत नाही म्हणून चिडतात. काय चुकतंय?
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : ‘पाच मिनिटांत पोहोचलोच’ हे वाक्य भूतकाळी दिसतं, पण त्याचा अर्थ भविष्याचा आहे. मराठी माणूस निघायच्या आधीच ‘निघालो’ म्हणतो, जिन्यात असताना ‘आलो आलो’ म्हणतो, आणि ऐकणाऱ्यालाही ते कळतं. इंग्रजीतला भूतकाळ असा पुढे धावत नाही. ‘रीच्ड’ म्हटलं की तुम्ही फाटकाशी उभे आहात.

फोनवर लागणारी वाक्यं अशी. निघताना: ‘आय ॲम ऑन माय वे.’ पाच मिनिटं लागणार असतील: ‘आय विल बी देअर इन फाइव्ह मिनिट्स.’ दारात आल्यावर: ‘आय ॲम हिअर, ॲट द मेन गेट.’ प्रवासी दिसत नसेल: ‘आय ॲम हिअर, बट आय कान्ट सी यू.’ चौथ्या वाक्यात ‘आय ॲम नॉट सीइंग यू’ येऊ देऊ नका.

‘पोहोचलो की फोन करतो’ यात तर गंमतच आहे. मराठीत ‘पोहोचलो’ भूतकाळ, मनात भविष्यकाळ, आणि इंग्रजीत वर्तमानकाळ: ‘आय विल कॉल यू व्हेन आय रीच.’ ‘व्हेन आय विल रीच’ही नाही, ‘व्हेन आय रीच्ड’ही नाही. पुढच्या गोष्टीबद्दल बोलताना ‘व्हेन’, ‘इफ’, ‘बिफोर’, ‘आफ्टर’, ‘अंटिल’ यांच्यानंतर साधा वर्तमानकाळ ठेवा. ‘तुम्ही खाली आलात की सांगा’: ‘टेल मी व्हेन यू कम डाउन.’ ‘पाऊस पडला तर पाम बीच रोडने जाऊ’: ‘इफ इट रेन्स, वी विल टेक पाम बीच रोड.’

प्रश्न : ‘वर्केड’, ‘वॉचेड’, ‘कॉलेड’ असे उच्चार वर्गात सर्रास ऐकू येतात. ‘ईडी’चा उच्चार शिकवायची सोपी पद्धत आहे का?
— एक शिक्षिका, पाचपाखाडी

उत्तर : आहे, आणि देवनागरी त्यासाठी इंग्रजी लिपीपेक्षा सोयीची आहे. ‘ईडी’चे तीन उच्चार होतात. मुलांना गळ्यावर दोन बोटं ठेवायला सांगा आणि मूळ क्रियापदाचा शेवटचा आवाज लांबवायला लावा. बोटांना कंप जाणवला नाही, म्हणजे क, प, फ, स, श, च असे शेवट असतील, तर ‘ट’: वर्क्ट, स्टॉप्ट, लाफ्ट, वॉश्ट, वॉच्ट. कंप जाणवला, म्हणजे ल, न, म, व्ह, झ किंवा स्वर असेल, तर ‘ड’: कॉल्ड, ओपन्ड, लिव्ह्ड, प्लेड. शेवट मुळातच ट किंवा ड असेल तरच पूर्ण ‘इड’: वॉन्टिड, नीडिड, स्टार्टिड, डिसायडिड. ट-ड वर पुन्हा ट-ड लागोपाठ उच्चारता येत नाही, म्हणून मध्ये स्वर लागतो. कारण एवढंच आहे.

फळ्यावर उच्चार देवनागरीत आणि स्पेलिंग शेजारी लिहा, नाहीतर मुलं ‘वर्क्ट’ला शेवटी ‘टी’ लावतील. वर्तमानकाळातल्या ‘एस’लाही हीच बोटं लावा: ‘वर्क्स’, पण ‘कॉल्झ’, आणि ‘वॉचिझ’. ‘से’ला जोडलेला ‘एस’ मात्र ‘सेज’ नव्हे तर ‘सेझ’ असा ऱ्हस्व उच्चारतात आणि भूतकाळ ‘सेड’ही ऱ्हस्वच. देवनागरी इथे तोकडी पडते, हे तोंडी म्हणूनच दाखवावं लागेल.

प्रश्न : आमच्या सोसायटीत परराज्यांतले सभासद बरेच आहेत, त्यामुळे सभेचं इतिवृत्त इंग्रजीत लिहावं लागतं. कुठे वर्तमान, कुठे भूत, काही कळत नाही.
— एक सचिव, खारघर

उत्तर : सभेत जे घडलं ते सगळं साध्या भूतकाळात: ‘द मीटिंग स्टार्टेड ॲट १०.३०’, ‘द सेक्रेटरी रेड द मिनिट्स’, ‘द मेंबर्स ॲप्रूव्ह्ड द अकाउंट्स’, ‘इट वॉज डिसायडेड टू रिपेअर द टँक’. इथे ‘हॅज’, ‘हॅव’ आणि ‘हॅड’ जवळजवळ लागतच नाहीत. फलकावरचे कायमचे नियम वर्तमानकाळात: ‘द गेट क्लोजेस ॲट ११ पी.एम.’

तक्रार लिहिताना जरा थांबा. ‘द लिफ्ट डझ नॉट वर्क’ म्हणजे लिफ्ट एरवीही चालत नाही. ‘द लिफ्ट इज नॉट वर्किंग’ म्हणजे सध्या बंद आहे. ‘द लिफ्ट डिड नॉट वर्क ऑन ट्यूज्डे’ म्हणजे मंगळवारी बंद होती, आता चालू असेलही. कंत्राटदाराला पत्र जातं तेव्हा या तिन्हींतला फरक दुरुस्तीच्या बिलापर्यंत पोहोचतो.

प्रश्न : अनियमित क्रियापदांचा तक्ता पाठ होत नाही. काही युक्ती?
— एक वाचक, सीबीडी बेलापूर

उत्तर : ए ते झेड पाठ करू नका, आवाजाने गट करा. न बदलणारी: पुट, कट, हिट, कॉस्ट, लेट, सेट, शट. ‘ड’चा ‘ट’ होणारी: सेंड-सेंट, स्पेंड-स्पेंट, लेंड-लेंट, बिल्ड-बिल्ट. मधला स्वर फिरणारी: रिंग-रँग, सिंग-सँग, ड्रिंक-ड्रँक, स्विम-स्वॅम. ‘ऑट’ने संपणारी: बाय-बॉट, ब्रिंग-ब्रॉट, थिंक-थॉट, टीच-टॉट, कॅच-कॉट. एका दिवशी एकच गट घ्या.

‘बॉट’ म्हणजे विकत घेतलं, ‘ब्रॉट’ म्हणजे आणलं. ‘र’ आहे तिथे ‘ब्रिंग’ आठवा. ‘फेल’ म्हणजे पडलो, ‘फेल्ट’ म्हणजे वाटलं. ‘रीड’चं स्पेलिंग भूतकाळातही तेच राहतं, उच्चार मात्र ‘रेड’ होतो. आणि ‘पे’चा भूतकाळ ‘पेड’ लिहिताना ‘वाय’ ठेवू नका: पी-ए-आय-डी.